मुठीखालचा आकडा

पडदा वर जातो तेव्हा भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भर दुपारचा उजेड पसरलेला आहे. खाली भाजीवाले आणि रिक्षावाले एकमेकांवर आवाज चढवतायत. वर खिडकीपाशी जाड लाकडी टेबल, त्यावर आरी, चिमटे, मेणाचा गोळा, आणि टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेले हरिश्चंद्र. वय एकोणऐंशी. मुंबईतल्या एका जिमखान्यात त्यांनी चाळीस वर्षं टेनिसच्या रॅकेटींच्या जाळ्या विणल्या. मोठमोठे साहेब त्यांच्यासमोर रॅकेट दोन्ही हातांनी धरून उभे राहत, देवापुढे नारळ धरावा तसे. आता तसं कोणी येत नाही. म्हणून काशीगावचा भूपेश एक जुनी लाकडी रॅकेट घेऊन दारात आला, तेव्हा हरिश्चंद्रांनी उठून आधी रॅकेटचं स्वागत केलं, मग भूपेशचं.

आणि मग तिच्याकडे नीट पाहिलं.

"अरे, हे काय करून ठेवलंयत?"

"आमच्या आजीचं काम, काका. दर खंडेनवमीला पूजा होते ना हिची. कोयता, फावडं आणि ही."

भूपेशचे पणजोबा मिठागरावर मुकादम होते. मिठाच्या खात्याचा गोरा साहेब बदलून गेला, तेव्हा त्याने ही रॅकेट त्यांना दिली. घरात टेनिस कोणाला येणार? ती हत्यारांच्या रांगेत जाऊन बसली. दर वर्षी तिला अंघोळ, व्हार्निशचा एक हात आणि वर हळद-कुंकू. तेही नेमकं गळ्यावर, जिथे बनवणाऱ्याचं नाव असतं तिथे.

"सगळी रॅकेट सोडून तिथंच कुंकू?"

"कपाळ समजून लावत असतील, काका."

रविवारी गावच्या समाजमंदिरात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. भूपेशने कार्ड आधीच छापून आणलं होतं: 'विलायती रॅकेट. बनावट : लंडन. माहिती : श्री. हरिश्चंद्र, जिमखान्याचे जुने कारागीर.'

"तुम्ही फक्त हो म्हणा."

"न बघता?"

"बघायचंय काय त्यात? गोऱ्याची रॅकेट गोऱ्याच्या गावचीच असणार."

हरिश्चंद्रांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. एकदा जिमखान्याच्या सेक्रेटरीने देशी तातीच्या, म्हणजे आतड्याच्या दोरीच्या, रॅकेटवर 'विलायती तात' अशी चिठ्ठी लावायला सांगितली, तेव्हा हा माणूस सरळ घरी येऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः जिना चढून आले. असा माणूस एकोणऐंशीव्या वर्षी आपल्या नावाखाली न तपासलेली गोष्ट लावून घेणार?

तीन दिवस स्पिरिट आणि कापूस चालला. व्हार्निशखाली हळद निघे, हळदीखाली व्हार्निश. कित्येक दसरे निघाले, नाव काही निघालं नाही. त्यात भूपेशचे फोन. मोबाइलवरच्या वस्तू ओळखणाऱ्या ॲपमध्ये फोटो टाकला की सकाळी उत्तर येई बेल्जियम, दुपारी बॅडमिंटन, संध्याकाळी भिंतीवरचा आरसा.

"काका, लंडन फायनल ना?"

"तुझ्या फोनला हात आहेत का रे? मग त्याला विचारू नकोस!"

त्यांच्या पत्नी नीलिमाताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "एवढं निरखून तर मला बघायला आलात तेव्हाही पाहिलं नव्हतंत."

"तेव्हा तुझ्यावर व्हार्निशचे सत्तर हात नव्हते."

शेवटी त्यांनी मुठीवरचं चामडं सोडवलं. तिथे कधी कुंकू पोचलं नव्हतं. तुतीच्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा होता, उर्दूतला चौऱ्याहत्तर, खाली एक छोटी तिरपी रेघ. हरिश्चंद्र खुर्चीत मागे टेकले. ही रेघ त्यांच्या ओळखीची होती. त्यांना काम शिकवणारे अमरनाथ उस्ताद फाळणीत रॅकेटींच्या कारखान्यांचं सियालकोट सोडून आले होते. मरेपर्यंत ते रॅकेटींवर असेच आकडे टाकत, अशीच रेघ मारत. "सियालकोटात लाकूड वाकवणाऱ्याची ही सही. हिच्यावर चामडं चढतं, म्हणून ती फक्त कारागिराला दिसते," असं ते सांगत.

भूपेशने फोटो पाहून लगेच फोन केला. "व्ही दिसतोय, काका! व्ही फॉर व्हिक्टोरिया!"

"तो उर्दू सात आहे. रॅकेट सियालकोटची."

"ते पाकिस्तानात आहे, काका."

"ही बनली तेव्हा नव्हतं."

"हे मी समाजमंदिरात उभं राहून कोणाकोणाला समजावू? लंडनच ठेवूया ना. कोणाला कळणार?"

"मला!"

शनिवारी सकाळी ते स्वतः रिक्षाने काशीगावला गेले. मंजुळाआजी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंचाऐंशी वर्षांच्या, आवाज मात्र खणखणीत.

"हरिभाऊ, लग्न होऊन आले तवापासून लंडन सांगतेय मी. आता गावाला काय सांगू, मी खोटी हाय?"

"खोट्या नाही, आजी. तुम्हाला तसंच सांगितलं गेलं. पण लंडन लिहायचं तर खालचं माझं नाव काढा."

"तुमचं नाव काढलं तर कोन इश्वास ठेवंल?"

"म्हणूनच तर माझ्या नावाखाली खोटं नको म्हणतोय!"

भूपेशने कपाळाला हात लावला. हरिश्चंद्रांनी रॅकेट आजींच्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिलीचा आकडा दाखवला. ज्याने वाफेवर हे लाकूड वाकवलं, त्याने स्वतःच्या हाताने ही खूण केली, असं सांगितलं. आजींनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. आकड्यावरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही.

"आमचे सासरे मिठाच्या राशीवर राखेची खून करायचे. कोनी पुसली तर त्या दिवशी जेवायचे न्हाय." त्या भूपेशकडे वळल्या. "ज्यानं केली त्याची खून पुसायची न्हाय. काय गाव हाय ते लिव."

"आजी, लोक बोलतील."

"बोलू दे. मी बसते की तिथं खुर्ची टाकून. आनि ह्ये चामडं परत लावू नका, हरिभाऊ. आकडा दिसू दे सगल्यांना."

आता अडले ते हरिश्चंद्र. चाळीस वर्षांत उघड्या मुठीची एकही रॅकेट त्यांच्या टेबलावरून खाली उतरली नव्हती. त्यांनी आजींना समजावलं, भूपेशला समजावलं, चामडं अर्धंच गुंडाळून दाखवलं. आजी नकारार्थी मान हलवतच राहिल्या. शेवटी हरिश्चंद्रांनी चामडं खिशात कोंबलं, ते रिक्षात बसले आणि रिक्षा सुरू झाल्यावर बाहेर डोकं काढून ओरडले, "भूपेश, कार्डावर मोठ्या अक्षरात लिही, मूठ मुद्दाम उघडी ठेवली आहे! नाहीतर लोक म्हणतील, हरिश्चंद्राला मूठ बांधता येत नाही!"