पुसून टाकलेला पुरावा

“मॅडम, मी सगळं मिटवून टाकलं. असली घाण घरात कायले ठेवाची?”

आंधळगावचे ते गृहस्थ मोठ्या समाधानाने सांगत होते आणि भंडाऱ्याच्या सायबर सेलमध्ये मी कपाळाला हात लावून बसले होते. शेजारी त्यांची मुलगी प्रज्ञा, उपकेंद्रात नर्स. रविवारी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. कोणीतरी तिचा चेहरा भलत्याच उघड्या अंगावर चिकटवला होता. फेक अकाउंटवरून धमकी होती: लग्नाला नकार दे, नाहीतर उद्या हा फोटो गावभर करतो.

कायदा प्रज्ञाच्या बाजूने होता. फोटो बनावट असला तरी गुन्हा गुन्हाच. तिची तक्रार पोचली की ॲपच्या कंपनीने तो चोवीस तासांत काढायचा, असा तेव्हाचा नियम. पण त्यासाठी लिंक लागते, म्हणजे त्या अकाउंटचा पत्ता. बापाने चॅट, फोटो, लिंक, सगळंच झाडून टाकलं होतं.

“आणखी कोणाला पाठवला त्याने?”

“कारध्याले पाठवीन म्हणे,” प्रज्ञा पुटपुटली. “सासरी.”

“मग त्यांना विचारा.”

बाप उठलाच. “सोयरीक मोडंल माह्या पोरीची! त्यायले काही मालूम नाही.”

मला त्याचा रागही आला आणि कीवही. पण फोन लावायचा की नाही, हे प्रज्ञाने ठरवायचं होतं. तिने होणाऱ्या सासूला लावला, स्पीकरवर.

“आई, मी प्रज्ञा. तुमाले कोणी माहा फोटो...”

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला:

“आला ना बाई, परवाच. तुले लाज वाटंल म्हणून बोलली नाही.”

“मिटवला का?” प्रज्ञाने विचारलं.

“कायले मिटवू? चोराची खूण हाय ते. ठेवला तसाच.”

बाप परत खुर्चीवर बसला.

“कोणालाही फॉरवर्ड करू नका!” मी मोठ्याने म्हणाले. “फोनच घेऊन या.”

वैनगंगेचा पूल ओलांडून बाई आल्या, फोन पदराखाली धरून. लिंक मिळाली, तक्रार गेली. जाताना त्या प्रज्ञाच्या बापाला म्हणाल्या, “तुमी माह्यापासून लपवून राहिले, मी तुमच्यापासून. त्या बदमाशाले अजून काय पाहिजे?”

दुसऱ्या दिवशी अकाउंट बंद झालं. कंपनीने दिलेल्या माहितीवरून, प्रज्ञाने आधी नाकारलेल्या एका स्थळाचा मुलगा पकडला गेला. साक्षगंध रविवारीच झालं, मी जेवूनही आले.

तेव्हापासून तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगते: आधी दाखवा, साफसफाई मागाहून.