पैलवान, कंडक्टर आणि चालता आखाडा

मला सासरे तीन आहेत. त्यांतले दोघे सोळा चौकटी उंच, एका करड्या-हिरव्या पडद्यात राहतात. तिसरे, म्हणजे खरेखुरे, पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून शेंगा फोडत बसलेले असतात आणि टरफलं माझ्या झाडलेल्या फरशीवर टाकतात. पहिल्या दोघांना जन्माला घातलं माझ्या नवऱ्यानं आणि नणंदेनं. मी फक्त चित्रं काढली. पण आमच्या घरात काहीही बिनसलं की पहिलं बोट चित्रकलेच्या बाईंकडं वळतं, ही जुनीच पद्धत आहे.

माझा नवरा एका फौंड्रीत मशिनचे प्रोग्रॅम लिहितो. रविवारी कोल्हापूरच्या माणसानं काय करावं? मटण आणावं, तांबडा-पांढरा ओरपावा आणि गुमान आडवं व्हावं. आमचे हे मटणापर्यंत बरोबर चालतात. मग आडवं व्हायच्या वेळी कपाटातून हातात मावणारं एक जुनं गेमचं यंत्र काढतात. त्याचा पडदा बिस्किटाएवढा, रंग चार, आणि चारही एकाच रंगाचे. "नवीन मोबाईलवर खेळा की," असं मी एकदा म्हटलं, तर अशी नजर टाकली, जणू मी मटणात साखर घातली होती.

ह्या यंत्रासाठी त्यांनी स्वतः एक गेम तयार केला. त्यात एक पैलवान चालतो, उडी मारतो, आणि बटण दाबलं की शड्डू ठोकतो. मांडीवर हात असा बसतो की समोरचा गडी जागच्या जागी थिजतो. मग त्याला उचलून आपटायचं. हा पैलवान म्हणजे आबा, माझे सासरे. नवरा लहान असताना आबा कुस्त्या खेळायचे, आणि त्यांच्या खांद्यावर बसून तालमीत गेलेलं त्याला अजून आठवतं. आठवतं म्हणजे किती? दर गणपतीत एकदा ऐकावं लागतं, इतकं.

नणंद त्याच्यापेक्षा बरीच लहान. ती जन्मली तोवर आबांची कुस्ती सुटली होती आणि अंगावर खाकी आली होती. तिचे आबा म्हणजे लाल गाडीतले कंडक्टर, चामड्याची पिशवी, बोटाला लागलेली शाई आणि मलकापूरची मुक्कामी गाडी. ती जयसिंगपूरला कॉम्प्युटर शिकवते. भावानं गेम केला म्हटल्यावर ही कशाला मागं राहते! तिनंही त्याच यंत्रासाठी कंडक्टरचा गेम केला. त्यात चालणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे गाडी, गाडीच्या तळाची फळी, उसाची ट्रॉली, बेलवर चालते. एक बेल दिली की थांबते, दोन दिल्या की निघते. फुकट्यांना पकडायचं आणि गाडीच्या दारात कुणी घुटमळलं की कंडक्टरच्या डोक्यावर अक्षरं उमटतात: "दारात थांबू नका, पुढं सरका!"

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झालं आणि दोघांच्या डोक्यात एकदमच आलं, की दोन गेमचा मिळून एक करायचा. नवऱ्यानं मला समजावलं, "अशा गेममध्ये दोन वेगळ्या दुनियेतले हिरो भेटतात. आधी गैरसमजातून मारामारी करतात, मग एक होतात."

"म्हणजे आपल्या पाहुण्यांसारखंच की," मी म्हटलं. "लग्नात भांडायचं आणि बारशाला एका पंगतीत बसायचं."

आबांनी मात्र शेंग फोडता फोडता विचारलं, "ह्यो लंगोटवाला कोण?"

"तुम्ही, आबा."

"आणि ह्यो टोपीवाला?"

"तुम्हीच."

"आरं मग मी दोन कशाला? एकच खायला महाग हाय."

हसलो सगळे. पण पैलवानाकडं बघताना आबांचा चेहरा जरा उतरला होता, आणि का ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आबांचा खांदा सरावात निखळला. तेवढ्यात नोकरीचा कॉल आला आणि ते वस्तादांना न सांगताच तालीम सोडून गेले. पुढं वस्ताद वारले. तेव्हापासून आबांनी तालमीचा उंबरा ओलांडला नव्हता. आमच्या घरापासून तालीम हाकेच्या अंतरावर, पण आबा भाजीला जाताना मुद्दाम रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायचे. ह्या वर्षी तालमीची नवी इमारत झाली आणि जुन्या मल्लांचा सत्कार ठरला. तालमीची मंडळी दोनदा घरी आली. दोन्ही वेळा आबांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं. "कुस्ती सोडल्याला कसला फेटा? कंडक्टरचा सत्कार करायचा आसंल तर स्टँडवर करा म्हणावं."

नवऱ्याला ते फार लागायचं. पुन्हा एकदा, एकदाच, आपल्या बापाला त्या मातीत उभं बघायचं होतं त्याला. तोंडानं बोलायचा नाही. गेममधल्या पैलवानाच्या मिशा मात्र चारचारदा दुरुस्त करून मागायचा. सोळा चौकटींत मिशीला मिळणार किती? दोन. त्या दोन चौकटी वर घेऊ की खाली ह्यावर माझा एक अख्खा रविवार गेला.

दर रविवारी नणंद सकाळच्या गाडीनं यायची. एका मांडीवर लॅपटॉप, दुसरीवर सोलायला घेतलेला लसूण. कामात एकेक नमुने निघायचे. जोतिबाच्या डोंगरावरचा टप्पा केला तर गुलाल करडा दिसायला लागला. सगळे भक्त गिरणीतनं दळण घेऊन आल्यासारखे! शिवाय त्या यंत्राचा नियम असा, की एका ओळीत हलत्या चित्रांचे दहाच तुकडे दिसणार, अकरावा आला की गायब. यात्रेची गर्दी दाखवली आणि आमच्या पैलवानाचे पायच नाहीसे झाले. वरचं धड शड्डू ठोकत हवेत चाललंय. आबा म्हणाले, "जत्रंत आसंच हुतंय. त्यात नवीन काय?"

आणि जागा! त्या यंत्रात जागा म्हणजे पेठेतली खोली, दिवाण टाकला की कपाट बाहेर. शेवटी आखाडा काढायची वेळ आली तेव्हा मातीसाठी नवीन चित्र ठेवायला कोपराही उरला नव्हता. नवऱ्यानं जुगाड केलं. बहिणीच्या गेममधली बसची फळी उचलली, मला वर ठिपके द्यायला लावले, आणि झाली तांबडी माती. तांबडी कसली, करडीच. कोल्हापूरच्या माणसाला आखाडा म्हणजे जगात सगळ्यात पक्की, न हलणारी जागा. ती आपण बसच्या फळीवर उभी केलीय, हे त्याच्या मनालाही शिवलं नाही.

खरा तंटा पुढंच होता. आखाड्यात पैलवान आणि कंडक्टर समोरासमोर येणार. जिंकणार कोण?

"पैलवानच," नवरा म्हणाला. "कुस्ती आहे ती!"

"वा रे वा!" नणंद उसळली. "तुझे आबा तेवढे आबा, आणि माझे कोण? ज्या कंडक्टरच्या पगारावर तू इंजिनिअर झालास तो हरणार होय?"

"तू त्यांना कुस्तीत बघितलंच नाहीस."

"आणि तू त्यांना सुखात बघितलं नाहीस! गाडीत हसायचे ते. घरी आले की गप्प व्हायचे."

मी लसूण ठेचत होते. बत्ता हातातच राहिला. भांडण गेमचं नव्हतंच, सरळ सरळ बापाची वाटणी चालली होती. सोप्यातून शेंगा फोडल्याचा आवाजही बंद झाला. मग आबा आत आले, दोघांच्या मध्ये बसले आणि म्हणाले, "आण हिकडं. माझी कुस्ती मला न इचारता कोण लावतंय?"

दोन यंत्रं तारेनं जोडून दोघांनी खेळायची सोय होती. एक आबांच्या हातात दिलं. पडद्यावर प्रश्न आला, कोण होणार? आबांनी कंडक्टर घेतला. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. आता दुसऱ्या यंत्रावर त्यालाच पैलवान व्हावं लागणार होतं. म्हणजे बापाचा पैलवान लेकाच्या हातात, आणि त्यानं आपटायचं ते बापालाच.

सलामी झाली. पैलवानानं शड्डू ठोकला. आबांना बटणं ठाऊक नव्हती. हाताशी आलेलं बटण त्यांनी सवयीनं दोनदा दाबलं. टिंग टिंग.

आणि आखाडा निघाला.

अहो, खरंच निघाला! फळी बसची, आणि बसची फळी डबल बेलवर निघते. पैलवान आणि कंडक्टर मातीसकट चालू लागले. मागं डोंगर सरकले, ऊस सरकला, बांबवड्याची पाटी मागं गेली. नवरा कपाळावर हात मारून ओरडला, "आयला, फळी!" नणंद हसून हसून जमिनीवर आडवी. मीही हसले, खोटं कशाला सांगू? लसणाच्या हातानं डोळे पुसले आणि आणखीच रडले.

हसले नाहीत ते आबा. यंत्र दोन्ही हातांत घट्ट धरून बघत बसले होते.

"कुठवर जाती ही?"

"मलकापूरपर्यंत," नणंद धापा टाकत म्हणाली. "माझा रस्ता तिथंच संपतो."

"चूक झाली, आबा," नवरा म्हणाला. "काढतो लगेच."

"हात लावू नगंस. चूक कशी? मी त्येच तर करत हुतो."

मग आबा बोलले. मलकापूरला मुक्काम असायचा. पहाटे पहिली गाडी सुटायच्या आत ते शेडमागं जाऊन जोर मारायचे, दुखऱ्या खांद्यानं जमतील तेवढे. ड्रायव्हरला ठाऊक होतं, तो त्यांच्यासाठी दूध घेऊन थांबायचा. तालीम सोडली त्या दिवशी आबांनी आखाड्याच्या हौद्यातली मूठभर माती रुमालात बांधून आणली होती. ती तिकिटाच्या पेटीत असायची. जोर मारायच्या आधी चिमूटभर कपाळाला लावायची. असं कैक वर्षं.

"घरात सांगितलं का नाहीत?" नवऱ्यानं विचारलं.

"काय सांगू? कुस्ती सोडली म्हून सांगितलंतं. परत कुठल्या तोंडानं सांगू की सुटंना?"

"आणि ती माती?"

"संपली की. रोज लावल्यावर किती दिस पुरती?"

आता ह्यावर शहाण्या सुनेनं पदर डोळ्याला लावावा. माझं तोंड मात्र माझ्या आधी पळतं. मी म्हटलं, "मग ताजी आणायला काय झालं? तालीम काय मलकापुरात हाय?"

नवऱ्यानं डोळे वटारले. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "हिच्या मटणात मीठ कमी पडतंय, तोंडात न्हाय." मग उठून परत सोप्यात गेले.

सत्काराच्या दिवशी आबांनी सकाळीच इस्त्रीचा सदरा मागितला. नणंद जयसिंगपूरहून नेहमीपेक्षा लवकरच येऊन बसली होती. तालमीत आता पोरीही कुस्ती शिकतात, त्यामुळं आम्हा बायकांनाही आमंत्रण होतं. आबा पुढं, मागं नवरा, त्याच्या मागं आम्ही दोघी, आणि आमच्या मागं सगळी पेठ लोटलेली. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आबा आधी सवयीनं वळले, मग थबकले आणि सरळ आले.

उंबऱ्यापाशी मात्र पाय अडला. चप्पल काढली, हात चौकटीवर ठेवला, आणि तिथंच उभे. आतून मातीचा वास येत होता, ताक आणि हळद घालून मुरवलेल्या मातीचा. नवरा मागं नुसता उभा. आबांनी मान मागं वळवली. आता हे परत फिरतात, असं मला वाटलं. मागनं लोक विचारायला लागले, काय झालं, कोण तटलंय?

मी टाचा उंच केल्या आणि जमेल तेवढ्या मोठ्यांदा ओरडले, "दारात थांबू नका! पुढं सरका, मागं गर्दी हाय!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सासऱ्यावर भर पेठेत ओरडणारी सून, उद्या पाण्याच्या टाकीपाशी हाच विषय असणार. आबांच्या खांद्यांना हिसका बसला. ते हसत होते की रडत होते ते मला पाठीमागनं दिसलं नाही. मग त्यांनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि पाऊल आत टाकलं. हौद्यात उतरले, वाकले, मूठभर माती उचलली. कपाळाला लावली. उरलेली रुमालात बांधून खिशात घातली.

माझा नवरा दारातच उभा राहून लहान पोरासारखा हुंदके देत होता. नणंदेनं त्याचा दंड धरला होता, आणि तिचंही काही वेगळं नव्हतं.

आबांनी हौद्यातून मान वर केली. दाराकडं बघून एकेक डोकं मोजलं आणि खणखणीत आवाजात, सगळी गाडी भरल्यावर विचारायचे तसं, विचारलं, "मागं कोण ऱ्हायलं न्हाय न्हवं?"