घाणेरीचं अनुदान

तुम्ही तिकडे बागेतलं तण काढायला माणूस बोलावता, हे तुमच्या आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मला हसू आलं. माझं लग्न झालं त्या काळात, म्हणजे पन्नाससाठच्या दशकात, बेंगळुरात तण काढायला सरकार पैसे देत असे. निदान देऊ म्हणत असे.

तणाचं नाव घाणेरी, सरकारी कागदांत लंटाना. फुलं बारीक, नारिंगी-पिवळी, दिसायला गोजिरी. पानं चुरगळली की वास आणि अंगभर काटे. कुण्या साहेबाच्या मडमेनं शोभेसाठी आणली म्हणतात. मडम गेली, साहेब गेला, त्यांचं राज्य गेलं. घाणेरीनं मात्र इथलंच पाणी मानवून घेतलं.

माझ्या सासऱ्यांना सगळं घर अण्णा म्हणे आणि सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. आम्ही चिकपेटेत एका घाऊक कापडदुकानाच्या माडीवर भाड्यानं राहायचो. खाली दिवसभर गठ्ठे आपटायचे आणि वर अक्कांच्या देवांनासुद्धा खळीचा वास यायचा. अक्कांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, स्वतःचं घर. जमीन होती. यशवंतपूर स्टेशनाच्या पलीकडे, सरकारी तळ्याला लागून, अण्णांनी कधीतरी स्वस्तात घेतलेली. तिच्यावर पुरुषभर उंच घाणेरी माजली होती.

अण्णा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. सरकारी शिक्का नसलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे; देवावर होता, पण तोही बेताचा. "अनुदान आलं की जमीन साफ करू, जमीन साफ झाली की घर बांधू," असं ते दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी मला अर्ज लिहायला बसवत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली सून. माझ्या इंग्रजीचा त्या घरात तेवढाच उपयोग होता. मी लिहिलेल्या अर्जात पुरेशी नम्रता नाही म्हणून अण्णा तो परत लिहायला लावत.

त्या वर्षी मात्र आमचा घरमालक, तो खालचा कापडवाला, जमीन विकत मागू लागला. अण्णा म्हणाले, "यंदा अनुदान नाही मिळालं तर देऊन टाकतो." त्या दिवशी अक्कांच्या आमटीत मीठ नव्हतं.

मग कार्ड आलं की गुरुवारी इन्स्पेक्टर जागेची पाहणी करायला येणार. अण्णांनी कोट इस्त्रीला दिला. अक्कांनी त्या कार्डातून एवढंच घेतलं, की कुणीतरी येणार आहे. आणि कुणी येणार म्हटलं की आमच्याकडे आधी झाडलोट. तुमच्या आजोबांना टायफॉइड झाला तेव्हा डॉक्टर यायच्या आधी अक्कांनी तापलेल्या माणसाला उठवून चादर बदलली होती आणि त्याचा भांग पाडला होता.

"देवळात जातो," असं अण्णांना सांगून त्या मला घेऊन रोज यशवंतपूरला जाऊ लागल्या. स्टेशनाजवळून दोन गडी धरले. कोयत्यांनी घाणेरी तोडली, ढीग करून जाळली. धुरानं आमचे डोळे आठवडाभर लाल होते. अण्णांना वाटलं, कीर्तनात रडलो. गुरुवारी सकाळी अक्कांनी रस्त्याच्या बाजूला सडा घातला आणि रांगोळी काढली.

इन्स्पेक्टर सायकलवरून आला, हातात मोजायची टेप. बोलणं कानडीत झालं, मी मराठीत सांगते.

"लंटाना कुठं आहे, सर?" त्यानं अण्णांना विचारलं.

अण्णा रांगोळीकडे बघत उभे होते.

"काढली," अक्का म्हणाल्या. "तुम्ही येणार होता ना."

"अम्मा, मी तीच बघायला आलोय."

"पाहुण्याला कुणी उकिरडा दाखवतं का?"

"मी पाहुणा नाही. मी तपासणीला आलोय."

"सरी, बरं. म्हणून तुम्हाला उकिरडा दाखवायचा?"

त्यानं समजावून सांगितलं. उभं झाड मोजल्याशिवाय अनुदान मंजूर होत नाही, तसा नियम आहे. मुळं अजून जमिनीत आहेत, पावसात परत फुटतील. "स्वल्प थांबा, अम्मा. कमरेइतकी झाली की पुन्हा अर्ज करा."

तो आपल्या सायकलकडे वळला तसे अण्णा अक्कांवर उखडले. "एवढ्या वर्षांचे अर्ज मातीत घातलेस. आता विकण्यावाचून इलाज नाही."

"अनुदान कशाला हवं होतं?" अक्कांनी विचारलं.

"जमीन साफ करायला."

"मग?"

अण्णांनी जमिनीकडे पाहिलं. ती आमच्या स्वयंपाकघरासारखी स्वच्छ होती. बांधकामाचे पैसे त्यांच्यापाशी होतेच. चिकपेट सोडवत नव्हतं, एवढंच. खाली उतरलं की कॉफी, वर्तमानपत्र आणि वाद घालायला माणसं. हे अक्कांना ठाऊक होतं आणि मलाही. अण्णांनी मदतीसाठी इन्स्पेक्टरकडे पाहिलं.

इन्स्पेक्टरनं टेप गुंडाळली. "सर, अम्मा म्हणतात त्यात नियमाविरुद्ध काही नाही."

झालं. सरकारच बोललं म्हटल्यावर अण्णांना बोलायला जागा उरली नाही. कापडवाल्याला नकार गेला. मुळांना पुन्हा फुटायला वेळ मिळायच्या आत दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर उभं राहिलं. अण्णा खुर्ची टाकून गवंड्यांना कायदा शिकवत. अक्का खुरपं घेऊन उरलीसुरली मुळं उपटत.

पावसाळ्यानंतर आम्ही राहायला गेलो, आणि एक दिवस तोच इन्स्पेक्टर आला. अक्कांनी त्याला उप्पिट्टू वाढलं. तळ्याकडच्या सरकारी जमिनीवर घाणेरी एवढी माजली होती, की कुंपणाखालून आमच्या अंगणात रोपं येत होती.

"ही तुमच्याकडून येते," अक्का म्हणाल्या.

"खरंय, अम्मा. पण आमच्या जागेसाठीही वर अर्ज केलाय. अनुदान यायचंय."

अण्णांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी फुलला. तो गेल्याबरोबर त्यांनी मला बोलावलं आणि शेजारचे जमीनमालक या नात्यानं सरकारला अर्ज सांगायला सुरुवात केली. मी लिहीत बसले. दुसऱ्या परिच्छेदातल्या नम्रतेवरून आमचं अडलं होतं तेव्हा खिडकीतून कोयत्याचा आवाज आला. अक्का कुंपण ओलांडून सरकारी जमिनीत शिरल्या होत्या.