मामांची तांबडी

आमच्या सौभाग्यवतीच्या थोरल्या मामांइतका आजारी माणसांचा तिटकारा असलेला गृहस्थ अख्ख्या कर्जत तालुक्यात दुसरा नसेल. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात उमेदीची वर्षं काढून ते पोशीरला घरी येऊन बसले, आणि एवढ्या काळात आपण एकदाही शिंकलो नाही, असं ते बजावून सांगतात. आजार म्हणजे आळस, ही त्यांची व्याख्या. मामी तापाने फणफणल्या होत्या तेव्हा उशाशी उभं राहून त्यांनी "भाताला शिट्ट्या किती गं?" एवढीच विचारपूस केली. माझ्या पाठीत उसण भरली, तर फोनवर म्हणाले, "जावईबापू, विहिरीचं पाणी शेंदा, पळंल उसण!"

अशा माणसाच्या परसात मुंगूस शिरलं आणि त्याने तांबडी कोंबडी धरली. मामांच्या आरडाओरड्याने मुंगूस पळालं, पण तांबडीची पाठ सोलली होती आणि एक पाय लोंबत होता. मामी निमूटपणे पाटा-वरवंटा धुवायला लागल्या.

"मसाला वाटू नको," मामा म्हणाले. "ती आजारी हाय."

हा शब्द त्यांच्या तोंडून मामींनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

मी भेटायला गेलो तेव्हा घराचं इस्पितळ झालं होतं. बाकीच्या कोंबड्या जखमेवर टोचा मारतात म्हणून रुग्णाची टोपली माजघरात आली होती, खाली मामांची स्वतःची शाल. मोडक्या पायाला बांबूची कामटी, पाठीवर हळद. टीव्ही बंद. मामा ड्रॉपरने गुळाचं पाणी पाजत होते आणि मधूनमधून उकडलेलं अंडं कुस्करून भरवत होते.

"तिचंच अंडं तिलाच!" मामी मला म्हणाल्या. "मला तापात साधी पेज नाय मिळाली."

त्याच दुपारी तांबडीने मान टाकली. धुगधुगी तेवढी उरली होती. आम्ही रिक्षा करून नेरळला गुरांच्या डॉक्टरकडे निघालो; टोपली मामांच्या मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला ताकीद, "हळू रं, पेशंट हाय!"

डॉक्टर तरुण होता. हसून म्हणाला, "काका, एवढ्या त्रासापेक्षा रस्सा केला असता."

"तुमच्या आजीचा पाय मोडला तर रस्सा करता का?" मामांनी विचारलं.

डॉक्टरने इंजेक्शन भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. "जावईबापू, चोच मारली! रक्त काढलं माझं!" ते रक्ताळलेलं बोट त्यांनी आळीभर पदकासारखं मिरवलं, असं मामींनी नंतर सांगितलं.

पाय सांधला, पाठीवर पिसं फुटली. तांबडीला पुन्हा परसात सोडायच्या दिवशी मी तिथेच होतो. मामांनी टोपली कलंडवली. ती किंचित लंगडत, पण तुरुतुरु बाकीच्या कोंबड्यांत घुसली आणि उकिरडा उकरू लागली. मामांनी "ये, ये" करून हाक मारली. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

ते पायरीवर बसले. मामींनी चहाचा कप हातात दिला.

"बरी झाली ना? मंग तोंड का पाडलंय?"

मामांनी कप पायरीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "उद्या सकाळी उठून आता करायचं काय गं?"

पदर सावरून मामीही त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या.