पीस लिलीच्या कुंडीतलं तीर्थ

विनोदिनीनं कुंडीत बोट घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं. बोटाला काळा, बुळबुळीत चिखल लागला होता आणि नखात फुगलेल्या अक्षतेचा दाणा अडकला होता. वास नासक्या दुधाचा. तिनं बोट साबणानं धुतलं, हुंगलं आणि पुन्हा धुतलं.

जानेवारी चालू होता. रायपूरच्या थंडीत पीस लिली जवळजवळ झोपलेली असते. आठवड्या-दीड आठवड्यातून एकदा, मातीत दोन पेरं बोट घातल्यावर कोरडं लागलं तरच, थोडं कोमट पाणी, एवढंच तिला पुरतं. इथं मात्र माती मुठीत धरून पिळली असती तर पाणी गळलं असतं. आणि तरीही झाडानं मान टाकली होती. पानं धुतलेल्या फडक्यासारखी कुंडीच्या काठावरून लोंबत होती.

विनोदिनी भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिल्ट्या करायची. कोणाचा माल कोणत्या ट्रकमधून कुठं चालला, त्याचा कागद म्हणजे बिल्टी. एक आकडा चुकला तर अभनपूरला जायचं खत जगदलपूरला पोचतं. सगळी नोकरी या कामात गेली, त्यामुळे जिथलं ते तिथंच असावं ही सवय हाडात मुरलेली. लग्न केलं नाही. आई होती तोवर दोघी भाड्याच्या घरात राहिल्या. आई गेली तेव्हा मोठे भाऊ बाबाराव म्हणाले, "आता एकटी काहून राहतेस, विनू? पुढच्या मार्चात रिटायर होशील. घर मोठं आहे. ये इकडंच."

"एक वर्ष राहून पाहते, दादा. जमलं तर कायमची राहीन, नाहीतर आपली खोली शोधीन. पण एक अट आहे. हॉलमधला खिडकीजवळचा कोपरा माझा. तिथं माझं झाड राहील. त्याले कोणी हात लावायचा नाही, पाणीही घालायचं नाही."

"हव, हव!"

छत्तीसगढीतला हा होकार त्या घरात सगळ्यांच्याच तोंडी होता. त्याचा अर्थ 'ऐकू आलं' एवढाच, हे तिला राहायला आल्यावर कळलं.

उन्हाळ्यातच सुरुवात झाली. एप्रिल-मेमध्ये माती लवकर सुकते, म्हणून ती दर दोन-तीन दिवसांनी सकाळी, बुडाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्यायची आणि बशीत साचलेलं ओतून टाकायची. बोअरचं पाणी खारट, म्हणून पिण्याच्या फिल्टरचं ठेवायची. कूलर लागला की खोलीत ओल धरते, म्हणून पाणी कमी करायची आणि कुंडी कूलरच्या झोतातून बाजूला सरकवायची. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ पानांवर बसली की ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. आणि मागून बाबाराव चहाचा गाळ कुंडीत झटकायचे. "खतच असते ते," वर हेही सांगायचे. गाळात साखर असायची आणि साखरेवर मुंग्या. पावसाळ्यात माती सुकता सुकत नाही, तेव्हा ती पाण्याला हातही लावत नसे. तर पराग, तिचा भाचा, फ्रिजमधल्या बाटलीतलं उरलेलं गार पाणी त्यात रिकामं करायचा. एकदा तर जेवून उठल्यावर बाबारावांनी तिथंच हात विसळले. पानावर वरणाचा पिवळा ओघळ वाळलेला पाहून ती त्या दिवशी जेवली नाही.

पण दूध आणि अक्षता हे यांपैकी कोणाचं काम नव्हतं. कुंडीत बोट घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर उशिरा येते म्हणून कळवून घरी थांबली. पूजा आटोपून कुंदावहिनी देवघरातून आल्या. हातात तांब्याचा तांब्या. थेट खिडकीशी गेल्या, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि तांब्या कुंडीत उपडा केला. दूध मिसळलेलं पांढुरकं पाणी मातीवर तरंगत राहिलं. खाली मुरायला जागाच नव्हती.

"वहिनी, हे काय करून राहिल्या?"

"तीर्थ आहे, विनूताई. देवाच्या अंघोळीचं पाणी मोरीत थोडंच टाकतात? तुळस गच्चीवर गेली, माझे गुडघे पाहता ना तुम्ही? दिवाळीपासून इथंच घालते. त्यात झाड कसं मान टाकून होतं! मले दया आली, म्हणून या दोन-तीन दिवसांत वाटीभर जास्तच घातलं."

"मान तहानेनं नाही टाकली. मुळं कुजली आहेत. कुजलेली मुळं पाणी पीतच नाहीत. तुम्ही त्याले बुडवून मारून राहिल्या."

"तीर्थ कोणाले बाधते काय!" वहिनींना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. पाठीमागून परागचं हसू ऐकू आलं. "आत्या, भगवान का पानी है, ओव्हरडोज़ नहीं होता."

विनोदिनीनं अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी आडवी करून झाड बाहेर ओढलं. ते सुळकन आलं, कारण धरून ठेवणारं आत काही राहिलंच नव्हतं. मुळं काळी, मऊ, चिमटीत धरली की साल हातात यायची. मातीत दुर्वांचा लगदा, झेंडूच्या पाकळ्या, उदबत्तीच्या काड्या, चहाचा गाळ, आणि त्यात वळवळणाऱ्या बारीक पांढऱ्या अळ्या. वास असा उठला की पराग नाक दाबून आत पळाला. इतके दिवस हे सगळं हॉलमध्ये होतं, आणि याच हॉलमध्ये बसून ही माणसं पोहे खात होती.

वहिनी धावत आल्या. "अहो, निर्माल्य आहे ते! जमिनीवर काय पसरवता? पाय लागेल ना कोणाचा!"

अळ्या त्यांना दिसल्या नव्हत्या असं नाही. त्यांना घाण फक्त पायाची वाटली.

विनोदिनीनं कात्रीनं काळी मुळं कापली. शेवटी बोटभर लांबीची चार-पाच पांढरी मुळं उरली. तेवढ्यात बाबाराव बाहेर आले. त्यांनी वर्तमानपत्राकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"एवढं काय त्यात, विनू? नर्सरीत ढिगानं मिळतात. उद्या दुसरं आणून देतो, मोठं."

"आणि तेही याच कोपऱ्यात ठेवायचं?"

"मग कुठं ठेवशील? कोपरा तुझाच आहे."

ते चिडवत नव्हते, मनापासून बोलत होते. विनोदिनीला झाडाच्या वासापेक्षा त्या बोलण्याची जास्त शिसारी आली. यांनी आपलं वाईट चिंतलं असतं, तर भांडता तरी आलं असतं. ही माणसं प्रेमानं आपल्यावर काहीही ओतत राहतील, आपण मान टाकली की आणखी ओततील, आणि मेल्यावर म्हणतील, एवढं केलं तरी जगली नाही.

"दादा, मी खोली पाहते," ती म्हणाली. "मार्चपर्यंत नाही थांबत."

वहिनी रडल्या. परागनं मात्र गुपचूप मोबाईलवर खोल्या शोधून दिल्या.

महिनाअखेरीस भनपुरीच्या अलीकडे, एका छत्तीसगढी बाईंच्या घरात वरची खोली मिळाली. विनोदिनीनं उगवतीच्या खिडकीत नवी, छोटी कुंडी ठेवली. तीत कोरडी, भुसभुशीत माती आणि दोन पानं उरलेली लिली. सामान लावून होत नाही तोच घरमालकीण तांब्या घेऊन दारात उभी राहिली.

"दीदी, पौधा मुरझा गया है. थोड़ा पानी डाल दूँ?"

विनोदिनी झरकन मध्ये आली आणि कुंडीवर तळहात आडवा धरला.

"नहीं. इसको सिर्फ मैं दूँगी. आज नहीं, सूखने के बाद."

"ठीक है, दीदी," घरमालकीण म्हणाली. तिनं तांब्यातलं पाणी स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं आणि खाली गेली. विनोदिनीनं दाराला आतून कडी लावली.