खिडकीतला डोंगर

नव्या गावी एसटीतून उतरलं की बाई आधी खाली वाकायच्या. चिमूटभर माती उचलायची, बोटांत चुरायची, नाकाशी न्यायची, आणि पदराला हात पुसत मला म्हणायचं, "बघितल्याबिगर बोलू नये, गुरुजी." स्टँडवरचे लोक बघत राहायचे. बाईंना त्याचं काही नसायचं.

घोडेगावच्या शाळेत आम्ही बरोबर नोकरी केली. बाई मूळच्या पठारावरच्या आणे गावच्या, भूगोल शिकवायच्या. त्यांच्या हातून फिरून फिरून शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावरचे अर्धे देश पुसून गेले होते. सह्याद्री शिकवायचा म्हणजे आधी वर्गात काळा दगड यायचा. प्रत्येक पोराने तो हातात घेतल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही, असा त्यांचा कायदा होता.

निवृत्तीनंतर बाईंना त्यांच्या मुलाने न्यूझीलंडला बोलावलं. सुनेचं बाळंतपण होतं. अशा आया तुमच्याही ओळखीत असतील. पेढे वाटून विमानात बसतात आणि उतरतात त्या थेट लेकाच्या स्वयंपाकघरात. बाई मात्र देश बघायला निघाल्या होत्या. मुलाच्या गावाजवळ बर्फाच्छादित ज्वालामुखी आहे, हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं.

"आपला सह्याद्रीबी लाव्ह्याचाच, गुरुजी. पण आपला म्हातारा झाला, त्यो अजून तरणा हाय. त्याला एकदा हात लावून बघायचाय."

बॅगेत डिंकाचे लाडू होते आणि सुनेसाठी अळीव. विमानतळावर काही विचारलं तर नुसतं 'नो' म्हण, असं मुलाने फोनवर बजावलं होतं. बाईंनी नोकरीभर पोरांना खोटं बोलू दिलं नव्हतं. त्यांनी बॅग उघडून अळिवाची पिशवी स्वतःच टेबलावर ठेवली. तिथल्या माणसाने ती काढून घेतली, कारण परकं बी ते लोक आपल्या मातीत जाऊ देत नाहीत. बाईंना त्याचं कौतुकच वाटलं. "किती जपत्यात जमिनीला," असं त्या मला फोनवर म्हणाल्या. मुलगा मात्र उशीर झाला म्हणून घरी पोचेपर्यंत आईशी बोलला नाही.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

डोंगर स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर दिसायचा. बाई बाळाची अंघोळ, भांडी आणि दोघांचे डबे यांत असायच्या. "कधी जायचं रे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "रविवारी जाऊ, आई." रविवारी पाहुणे असायचे, नाहीतर पाऊस, नाहीतर लेकाला झोप काढायची असायची.

एवढ्यातही बाईंनी काय मिळवलं ते ऐका. मागच्या अंगणात दुपटी वाळत घालताना त्यांना दिसलं, की तिथला सूर्य दुपारी उत्तरेकडे कलतो. "जन्मभर शिकवलं, गुरुजी. आज दुपट्याच्या सावलीत बघितलं," हे सांगताना त्यांचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. कुंपणापलीकडे तिथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी एक म्हातारी राहायची. ती त्या डोंगराला आपला पूर्वज मानायची, रोज सकाळी त्याच्याशी बोलायची. बाईंच्या मोडक्या इंग्रजीवर दोघींचं छान जमलं. एकदा ती म्हणाली, बुधवारी माझ्या गाडीतून चल, तुला त्याच्या पायथ्याशी नेते. बाईंनी ठेवणीतली साडी काढून ठेवली.

मुलगा म्हणाला, "अनोळखी बाईबरोबर? आणि बाळाला कोण बघणार?"

साडी परत बॅगेत गेली.

पुढच्याच आठवड्यात तो बायको-मित्रांना घेऊन तिथे जाऊन आला. बाळ बाईंकडे होतं. त्याने स्टेटसला टाकलेला बर्फातला फोटो मी इथे घोडेगावात पाहिला आणि फोन आपटला. त्याची काच तडकली ती अजून तशीच आहे.

बाई परत आल्यावर शाळेने सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. एका पाहुण्याने हसत विचारलं, "तिकडं म्हणे भांडी मशीन धुतं?" बाई म्हणाल्या, "मी व्हते की." मग मुख्याध्यापकांनी परदेशाविषयी मुलांना चार शब्द सांगायची विनंती केली. बाई उठल्या. पोरं टक लावून बघत होती.

"त्यांचा सूर्य उत्तरेकडं कलतो. तेवढं मी बघितलं. देश न्हाई बघितला."

आणि खाली बसल्या. प्रवासाने थकल्या असतील, असं लोक म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. शालीखाली त्या हाराचं एकेक फूल रागाने बोटांत चुरत होत्या.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. दहाव्याला घोड नदीच्या घाटावर मुलगा भेटायला येईल त्याला सांगत होता, "आईला आमच्याकडे फार आवडलं होतं." मी दातओठ खात लांब उभा राहिलो.

पिंड मांडला. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. आता मागे काय राहिलं ते ओळखून बोलायचं, ही आपली रीत. मुलाने हात जोडले. "बहिणीला अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. "आण्याची जमीन विकणार नाही." तरी नाही. नातवाला मराठी शिकव, असं मामांनी सुचवलं, तेही तो म्हणाला. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले.

मला राहवलं नाही. "रविवारी डोंगर बघायला नेतो, असं म्हण."

माझा आवाज चढला असावा, कारण सगळा घाट वळून बघायला लागला. मुलगाही बघत राहिला. तो टाळत नव्हता, त्याला खरंच आठवत नव्हतं.

"कुठला डोंगर, गुरुजी?"

भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि लोक घरी निघाले.