फाईल आधी द्यायची नाही

माझी सून घरी बसून काय काम करते असं गावातल्या बायका विचारतात, तेव्हा मी सांगते की ती चिठ्ठ्या लावते. त्यांना वाटतं मी उडवून लावते. पण तिचं काम तेच आहे.

पुण्यातल्या एका कंपनीत ती नोकरीला आहे. त्या कंपनीला शेकडो कॉम्प्युटर लागतात, पण ते कंपनीच्या इमारतीत नाहीत. दुसऱ्या कुठल्या मोठ्या कंपनीच्या गोदामात, दूर देशात, भाड्यानं घेतलेले आहेत. त्याला क्लाऊड म्हणतात. ती यंत्रं कोणाला दिसत नाहीत, त्यामुळे कोणतं कोणी घेतलं, कशासाठी घेतलं आणि कधीपर्यंत चालवायचं हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून प्रत्येक यंत्राला चिठ्ठ्या असतात. टॅग म्हणतात त्यांना. एक धन्याची, एक कामाची, एक मुदतीची. धन्याची चिठ्ठी नसलेलं यंत्र दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला आपोआप बंद होतं. बेवारशी यंत्रं चालू राहू नयेत म्हणून वरच्या मॅडमनं तो नियम केला आहे.

एवढ्या चिठ्ठ्या हातानं लावायच्या तर जन्म पुरायचा नाही. म्हणून सुनेनं पायथन नावाच्या भाषेत हुकूम लिहिला. यंत्राला काम सांगायची ती भाषा. हुकूम चालवला की तो एकेका यंत्राजवळ जातो, चिठ्ठ्या पाहतो आणि नसलेली लावतो. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. तीन आठवडे ती त्यावर खपली. मी साक्षीला होते. ती तुरीच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या खोलीत खुर्ची टाकून बसते, आणि थंडीत ऊन तिथंच येतं म्हणून मीही तिथंच बसते. मुलगा सकाळीच आर्वीला गॅरेजवर जातो. दिवसभर आम्ही दोघीच.

तिच्यावर पुण्यात एक सर आहेत. सर म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण त्याचं नाव मी लिहिणार नाही. एकदा मीटिंग चालू असताना आमची गाय हंबरली. तो म्हणाला, "आज गुरंही जॉइन झालीत वाटतं." पडद्यावरची सगळी डोकी हसली. सूनही हसली, कारण तिला हसावं लागलं. ते मी लक्षात ठेवलं.

स्क्रिप्ट पहिल्यांदा लिहून झाली तेव्हा तिनं ती त्याला तपासायला पाठवली. दोन दिवसांनी तिच्याच लक्षात आलं की स्क्रिप्टमध्ये खोट आहे. नवी चिठ्ठी लावताना ती जुन्या सगळ्या चिठ्ठ्या पुसून टाकत होती. तिनं मला हे सांगितलं तेव्हा मला काही समजावून घ्यावं लागलं नाही.

मी बावीस वर्षं जिनिंगमध्ये होते. कापूस दाबून गाठी बांधल्या की गाठीवर पत्र्याचा छाप ठेवून काळ्या रंगानं खूण मारायची. माल कोणाचा, लॉट कितवा. मी चौथी शिकलेली, म्हणून ते काम माझ्याकडे होतं. एकदा मुकादमानं सांगितलं की जुन्या खुणा काळ्या करून टाक आणि नव्या मार. मी म्हटलं, जुनी राहू द्या, शेजारी नवी मारते. तो म्हणाला, सांगितलं तेवढं कर. मी केलं, पण आधी जुन्या खुणा वहीत उतरवून घेतल्या. पुढं दोन व्यापाऱ्यांचा माल एकमेकांत मिसळला. मुकादम माझ्याकडे आला आणि म्हणाला, वही दे बाई, मी शेटला दाखवतो, तुझं नाव साफ करतो. मी दिली. शेटसमोर तो म्हणाला, हिला वाचताच येत नाही, वही कुठली? त्याच दिवशी मला काढलं. वहीचं पुढं काय झालं मला कळलं नाही. मुकादम म्हातारा होऊन मेला. मी मातीला गेले नाही.

हे सगळं मी सुनेला सांगितलं. तिनं स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता ती जुन्या चिठ्ठ्यांना हात लावत नाही, शेजारी नवी लावते. आणि एक गोष्ट वाढवली. काहीही करायच्या आधी सगळ्या यंत्रांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या एका फाईलमध्ये उतरवायच्या. रोज सकाळी ती फाईल बनवून ठेवायला लागली. पुण्यातल्या त्या सरला तिनं मेल पाठवला, की आधीची स्क्रिप्ट चालवू नका, ती जुनं पुसते, सोबत नवी जोडली आहे. तिनं मला वाचूनही दाखवला.

पुढच्या आठवड्यात त्यानं तीच पहिली स्क्रिप्ट वरच्या मॅडमला दाखवली. आपण लिहिली म्हणून. सुनेनं पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घातलं होतं, ते काढून टाकलं होतं. वर हेही सांगितलं, की गावाकडच्या त्या मॅडम जे टॅगचं काम करतात ते आता स्क्रिप्टच करेल, त्यांची पुढं गरज नाही. सुनेचा वर्षाचा करार संपत आला होता. पुढं ठेवायचं की नाही हे सोमवारी ठरणार होतं. म्हणजे तिनंच लिहिलेल्या स्क्रिप्टनं तिची नोकरी खायची, आणि ती लिहिली त्यानं, असं झालं होतं. कंपनीतल्या एका मुलीनं फोनवर हे कळवलं, त्या दिवशी तिनं तीन पोळ्या जाळल्या. मी त्या तशाच खाल्ल्या.

मग तो शुक्रवार आला. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. तीनच्या सुमारास सून ओरडली.

"आई, इकडे या. साऱ्या चिठ्ठ्या गेल्या."

"कोनाच्या?"

"साऱ्याच मशिनीयच्या. एकच उरली. मंजुरी म्हनून, अन् पुढं सरचं नाव."

तिनं मला पडद्यावर दाखवलं. ओळीवर ओळ, चारशेच्या वर यंत्रं, आणि प्रत्येकावर त्याचंच नाव. सगळ्या यंत्रांवर आपलं नाव असावं अशी त्याला हौस झाली, म्हणून त्यानं ती चिठ्ठी लावायला स्क्रिप्ट चालवली. जुनी, पुसणारी.

"मेल वाचलाच नाई त्यानं?"

"नाई वाचला."

मी हसले. इतकी हसले की मांडीवरचं सूप कलंडलं.

"आई, हासू नका. सहा वाजता साऱ्या बंद पडतीन. काही मशिनीयवर दवाखान्यायचे रिपोर्ट चालते."

"मंग तुह्या मॅडमले सांग म्हना त्याले. सहाचं थांबवनं तिच्या हातात हाय ना?"

"हाय. पन तिले सांगाचं म्हनजे कारन सांगा लागते."

"सांगू दे कारन."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्याचाच. तिनं हात पुढं केला, त्याआधी मी उचलला.

"मॅडम आहेत का? अर्जंट आहे."

"वावरात गेली. शेंगा तोडाले."

"आत्ता? ऑफिसच्या वेळेत?"

"चिठ्ठ्या लावाचं काम आता स्क्रिप्टच करते म्हने. मंग रिकामी बसून काय करन ते?"

तो म्हणाला, "काकू, प्लीज, बोलावता का त्यांना?"

"वावर दूर हाय. येईन तवा येईन."

सून माझ्यासमोर कपाळाला हात लावून बसली होती. म्हणाली, "काऊन असं करता आई?" मी म्हटलं, "मले बरं वाटते म्हनून."

दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा तिनं घेतला. त्याचा आवाज मला शेजारी बसूनही ऐकू येत होता.

"हे बघ, तुझ्याकडे जुन्या टॅगची एक फाईल असते ना? ती पटकन मेल कर. मी सगळं नीट करतो. तुझं नाव मी मॅडमकडे नक्की सांगेन."

मी तिचा दंड धरला. नखं लागली असतील, इतका धरला. ती माझ्याकडे पाहून फोनमध्ये म्हणाली, "सर, फाईल आहे. मॅडमना मीटिंगमध्ये घ्या. त्यांच्यासमोर सांगा की स्क्रिप्ट कोणी लिहिली आणि मी काय कळवलं होतं. मग लगेच देते."

"तू मला ब्लॅकमेल करतेस?"

"नाही सर. तुम्ही मॅडमना आत्ता सांगितलं तर त्या सहाचं बंद होणं थांबवू शकतात. मग फाईलचीही घाई नाही. ते तुमच्या हातात आहे."

त्यानं फोन ठेवला. फाईलशिवाय काय होईल, मी विचारलं. ती म्हणाली, कोणी काय बदललं त्याच्या नोंदी क्लाऊडमध्ये असतात, पण त्यातून सगळं खणून काढायला तीन-चार दिवस जातील. म्हणजे त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या. तोंड उघडायचं, नाहीतर सहा वाजू द्यायचे.

चार वाजले. साडेचार वाजले. मी शेंगा सोलत राहिले. सून उठायची, पाणी प्यायची, परत बसायची.

"आई, देऊन टाकू का? कोन्या बिमार मानसाचा रिपोर्ट अडकन."

"अडकवून कोन राह्यलं? तो."

"पन फाईल तं माह्यापाशी हाय."

तिच्या जागी मी असते तर अडकू दिला असता. हे मी लपवत नाही. मला त्या क्षणी कोणाच्या रिपोर्टचं काही वाटत नव्हतं, मला त्याचं तोंड पाहायचं होतं. तिनं घड्याळाकडे पाहून सांगून टाकलं, "साडेपाचपर्यंत थांबते. मंग मीच मॅडमले फोन करून फाईल देते. नाव गेलं खड्ड्यात."

"नोकरीबी जाईन."

"जाऊ द्या."

मला तिचा राग आला. मी पाठ फिरवून शेंगा सोलायला लागले.

सव्वापाच वाजून गेल्यावर पडद्यावर मीटिंगचं बोलावणं आलं. मी खुर्ची ओढून अशी बसले की मी त्यांना दिसणार नाही, पण तो मला नीट दिसेल. मॅडम पन्नाशीच्या असतील. तो चष्मा पुसत होता. त्यानं सुरुवात फार लांबून केली. टीमवर्क, कम्युनिकेशन गॅप, घाईगडबड. मॅडमनं मधेच तोडलं.

"झालं काय ते सांगा."

"सगळे टॅग ओव्हरराइट झालेत."

"स्क्रिप्ट तुमची आहे ना? दुरुस्त करा मग."

सुनेनं तोंड उघडलं, मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिनं मिटलं. त्यालाच बोलावं लागलं.

"मॅडम, स्क्रिप्ट मूळ यांची आहे."

"मूळ म्हणजे?"

"म्हणजे... यांचीच आहे. यांनी लिहिली."

"मग मला तुम्ही तुमची म्हणून का सांगितलीत?"

तो परत चष्मा पुसायला लागला. सुनेनं तिचा मेल पडद्यावर लावला. मॅडमनं तो मोठ्यानं वाचला. जुनी स्क्रिप्ट चालवू नका. जुनं पुसते. तो म्हणाला, मी पाहिला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "गावाकडून आला म्हणून?" त्याच्या कानांचा रंग बदलला. पडद्यावरही तो दिसला.

मॅडमनं सहाचं बंद होणं थांबवलं. फाईल मात्र सुनेनं त्याला पाठवलीच नाही. तिनं मॅडमला विचारून सगळ्यांना पडदा दाखवत स्वतःच स्क्रिप्ट चालवली, दुरुस्त केलेली. फाईलमधून एकेका यंत्राच्या चिठ्ठ्या परत जागेवर जात होत्या, ओळी सरसर वर सरकत होत्या. त्याला बसून पाहावं लागलं. मीही पाहत होते, पण मी ओळी पाहत नव्हते. इतकं समाधान मला कोणत्याच देवळात मिळालेलं नाही.

सोमवारी तिचा करार वाढला. त्याला काढलं नाही. मला वाटलं होतं काढतील. काढायला हवं होतं. पण मॅडमनं नियम केला, की यंत्रांना हात लावणारी कोणाचीही स्क्रिप्ट आधी सुनेनं पाहायची आणि तिनं होकार दिल्यावरच चालवायची. त्याचीही. आता तो लिहितो, सवड झाली की बघा. ती दहा मिनिटांत पाहते. मी म्हणते, दुपारपर्यंत ठेव. ती म्हणते, आई, आता पुरे करा. कधी कधी ठेवते.

मागच्या महिन्यात ती आंघोळीला गेली होती आणि त्याचा फोन आला. मी घेतला.

"काकू, मॅडम आहेत का? त्यांच्या होकारासाठी एक काम अडलंय." मग म्हणाला, "त्या दिवसाचा राग गेला ना तुमचा?"

"नाई गेला. जानार बी नाई. काम सांगा."

त्यानं सांगितलं. मी सुनेला ते जेवणं झाल्यावर कळवलं, आणि त्या दिवशी आम्ही दोघी निवांत जेवलो.